एका नावाची पंचवीस माणसे: इब्री शास्त्रातले शमाया

यरुशलेमचा तट पुन्हा उभा राहिला, तेव्हा त्याच्या समर्पणासाठी तिथला सुभेदार नहेम्या याने गायकांचे दोन मोठे जथे तटावर चढवले आणि एकाला एका दिशेने, तर दुसऱ्याला उलट दिशेने चालायला लावले. नहेम्याच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात या मिरवणुकीतल्या माणसांची यादी आहे, आणि ती सावकाश वाचणारा वाचक थोड्याच वेळात गोंधळतो. ३४व्या वचनात पहिल्या जथ्यात चालणारा एक शमाया आहे. ३५व्या वचनात कर्णा घेतलेल्या जखऱ्याची वंशावळ येते, तर त्याच्या आजोबांचे नाव शमाया. ३६व्या वचनात त्याच जखऱ्याच्या भाऊबंदांपैकी वाद्य घेतलेला आणखी एक शमाया. पुढे ४२व्या वचनात, दुसऱ्या जथ्यात, पुन्हा शमाया. नऊ वचनांत हे नाव चारदा आले, आणि ही चार माणसे वेगळी आहेत हे सांगण्यासाठी लेखकाने एक शब्दही जास्तीचा खर्च केलेला नाही. त्याच्या वाचकांना ते सांगावे लागत नव्हते.

आपल्याला मात्र ते शोधावे लागते. इब्री शास्त्रात, म्हणजे ख्रिस्ती वाचक ज्याला जुना करार म्हणतात त्या ग्रंथसंग्रहात, शमाया नावाची माणसे पंचवीसच्या आसपास भरतात. 'आसपास' हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे, कारण कोणते दोन उल्लेख एकाच माणसाचे आणि कोणते दोघांचे, याचा निवाडा प्रत्येक कोशकार थोडा वेगळा करतो आणि त्याप्रमाणे बेरीजही बदलते. यातला एकही शमाया मोशे किंवा दावीद यांच्या तोलाचा नाही. बहुतेकांच्या वाट्याला एकच वचन आले आहे, काहींच्या वाट्याला नुसते नाव. तरीही जुन्या याद्या कशा वाचायच्या, हे शिकायला या नावाइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

आधी नावाचा अर्थ पाहू. 'शमा' या इब्री धातूचा अर्थ 'ऐकणे', आणि शेवटचा 'या' म्हणजे देवाच्या चार अक्षरी नावाचे आखूड रूप. 'परमेश्वराने ऐकले' हे पूर्ण वाक्यच या नावात आहे. मूल व्हावे म्हणून केलेली प्रार्थना फळाला आली की घरात हे नाव सहज सुचत असणार. अशी वाक्यरूप नावे त्या समाजात फार होती: जखऱ्या म्हणजे परमेश्वराने आठवण ठेवली, हनन्या म्हणजे परमेश्वराने कृपा केली, दलाया म्हणजे परमेश्वराने वर काढले. धातू मोजके, देवाचे नाव एक, त्यामुळे नावांचा साठाही मर्यादितच. शिवाय बाबेलच्या बंदिवासानंतरच्या, म्हणजे यरुशलेमचे लोक बाबेलात नेले गेले त्यानंतरच्या काळात आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत वाढली, आणि तीच नावे एकाच घरात पिढीआड परतू लागली. वरच्या मिरवणुकीत जखऱ्याचा आजोबा शमाया आणि त्याच्याच भाऊबंदांत एक शमाया, ही गोष्ट म्हणूनच नवलाची नाही.

'शमा' हा धातू मराठी मुलखालाही अगदीच परका नाही. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार, पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटले तेव्हा ग्रंथ गेले, इब्री भाषा विस्मरणात गेली, पण 'शेमा इस्राएल', म्हणजे 'हे इस्राएला, ऐक', ही एक प्रार्थना मात्र तोंडी राहिली. त्या 'शेमा'तला आणि शमायातला धातू एकच आहे. याच समाजाने नावांची जी सोय लावली, तीही आपल्या विषयाच्या जवळची आहे: अब्राहामचा अबाजी झाला, सामुएलचा सामाजी झाला, आणि एका नावाचे दहाजण वेगळे ओळखता यावेत म्हणून गावावरून पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावे आली.

इब्री शास्त्राच्या काळात आडनाव नव्हते. त्याचे काम तीन गोष्टी करत: बापाचे नाव, गाव आणि हुद्दा. शमायांपैकी ज्यांच्या वाट्याला थोडी कथा आली आहे त्यांच्यात या तिन्ही खुणा दिसतात.

पहिला शमाया हुद्द्याने ओळखला जातो: 'देवाचा माणूस'. शलमोनाच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. दहाव्या शतकात, राज्य फुटले. उत्तरेच्या दहा वंशांनी यराबामाला राजा केले आणि शलमोनाचा मुलगा रहबाम याने त्यांना वठणीवर आणण्यासाठी १,८०,००० योद्धे गोळा केले. तेव्हा या शमायाने निरोप आणला की आपल्या भाऊबंदांवर चाल करून जाऊ नका, घरोघर परत जा. आणि सैन्य खरोखरच परत गेले. १ राजे, अध्याय १२ मध्ये ही हकीकत दोन-तीन वचनांत उरकली आहे. पुढे मिसरचा, म्हणजे इजिप्तचा राजा शीशक यरुशलेमवर चालून आला तेव्हा हाच शमाया पुन्हा राजासमोर उभा राहिला, असे २ इतिहास, अध्याय १२ सांगतो, आणि शेवटी अशी नोंदही करतो की रहबामाच्या कारकिर्दीचा वृत्तान्त शमाया संदेष्टा व इद्दो द्रष्टा यांच्या लेखांत आहे. ते लेख आज उरलेले नाहीत.

दुसरा शमाया गावाने ओळखला जातो, निदान तसे दिसते तरी. यिर्मया, अध्याय २९ मध्ये तो 'नेहेलामी' आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेमची बडी माणसे बाबेलात नेली गेली. यिर्मया संदेष्ट्याने त्यांना यरुशलेमहून पत्र लिहिले की हा मुक्काम लांबणार आहे, घरे बांधा, मळे लावा. बंदिवासातल्या शमायाला ते पत्र सहन झाले नाही. त्याने सफन्या याजकाला उलट पत्र धाडले की वेड्यासारखे भविष्य सांगणाऱ्या प्रत्येकाला खोड्यात घालणे हे तुझे काम, मग अनाथोथच्या या यिर्मयाला तू का दटावले नाहीस? सफन्याने ते पत्र यिर्मयालाच वाचून दाखवले, आणि त्यानंतर जे व्हायचे ते झाले: शमायाच्या वंशातला कोणीही पुढचे बरे दिवस पाहणार नाही, असा शाप त्याच्या वाट्याला आला. नेहेलाम नावाचे गाव कुठे होते हे कोणालाच ठरवता आलेले नाही. इब्रीत स्वप्नाला 'हलोम' म्हणतात, आणि याच अध्यायात यिर्मया स्वप्ने सांगणाऱ्यांवर तुटून पडतो. त्यामुळे 'नेहेलामी' हा गावाचा उल्लेख आहे की 'स्वप्नाळू' असा टोमणा आहे, अशी शंका येते. मला दुसरा अर्थ मोहक वाटतो, पण मोहक वाटणे हा पुरावा नव्हे.

तिसरा शमाया बाप आणि आजा यांच्या नावांसकट येतो: महेतबेलाचा मुलगा दलाया, त्याचा मुलगा शमाया. काळ इ.स.पू. ४४५, नहेम्या तट बांधत असतानाचा. हा शमाया घरात कोंडून घेऊन बसला होता. नहेम्या भेटायला गेला तेव्हा तो म्हणाला, आपण मंदिराच्या आत जाऊन दारे लावून घेऊ, कारण आज रात्री ते तुला मारायला येणार आहेत. नहेम्याच्या लक्षात आले की तोबीया आणि सनबल्लट या विरोधकांनी याला पैसे चारले आहेत. जीव वाचवायला मंदिरात दडून बसलेला सुभेदार एकदा लोकांनी पाहिला असता तर त्याचे नाव कायमचे बद्दू झाले असते, आणि नेमके तेच त्यांना हवे होते.

या तिघांना एकमेकांत मिसळणे अवघड आहे, कारण काळ, गाव आणि कथा यांनी ते दूर ठेवले आहेत. तरीही गडबड झाल्याची एक खूण जुन्या ग्रीक भाषांतरात, सेप्टुआजिंटमध्ये, सापडते. तिथे १ राजे, अध्याय १२ च्या मध्येच एक लांब जास्तीचा मजकूर आहे. इब्री मजकुरात नव्या वस्त्राचे बारा तुकडे करून त्यातले दहा यराबामाला देणारा संदेष्टा शिलोचा अहीया आहे. या ग्रीक मजकुरात ते काम शमाया करतो, आणि त्याला 'एलामी' असे उपपद लावले आहे. रहबामाच्या काळच्या शमायाला इब्रीत असे कोणतेच उपपद नाही. 'नेहेलामी'शी असलेला त्याचा उच्चाराचा सारखेपणा पाहिला, की तीन-साडेतीन शतके अलीकडच्या शमायाची खूण सरकत मागच्या शमायाकडे आली असावी, असा संशय येतो. नकलकारांनाही नावे फसवत होती, एवढा दिलासा आपण यातून घ्यायला हरकत नाही.

खरी कसोटी याद्यांत लागते, आणि त्यातही एज्राच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात. परक्या स्त्रियांशी लग्न केलेल्या पुरुषांची ही यादी आहे. २१व्या वचनात हारीमच्या वंशातला शमाया आहे, आणि दहा वचनांनी पुन्हा हारीमच्याच वंशातला शमाया आहे. नाव तेच, घराणेही तेच, मग एकच माणूस चुकून दोनदा लिहिला गेला का? नाही. यादीची मांडणी पाहावी लागते: आधी याजक येतात, मग लेवी, म्हणजे मंदिरातले इतर सेवेकरी, मग सर्वसाधारण इस्राएली. पहिला हारीम याजकांच्या विभागात आहे, दुसरा इस्राएलींच्या. एज्राच्याच दुसऱ्या अध्यायात बंदिवासातून परतलेल्यांची शिरगणती आहे, आणि तिथे ही दोन्ही घराणी वेगवेगळी मोजली आहेत: इस्राएली हारीम ३२० आणि याजक हारीम १,०१७. इब्रीतला 'बेन' हा शब्द मुलगा आणि वंशज या दोन्ही अर्थांनी वापरतात. म्हणून 'हारीमचा बेन' म्हणजे थेट मुलगा असेलच असे नाही, अनेक पिढ्यांपूर्वीच्या मूळपुरुषाचा वंशजही असू शकतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर सारख्या नावाचे दोन खातेदार निघाले की तलाठी आधी गट नंबर पाहतो. इथे गट नंबराचे काम यादीतला विभाग करतो.

या याद्या कोणी हौसेने लिहिल्या नव्हत्या. मंदिरातली सेवा, तिच्याबरोबर येणारा वाटा आणि समाजातले स्थान हे सारे वंशावळीवर अवलंबून होते. एज्रा, अध्याय २ सांगतो की काही याजक घराण्यांना नोंदीत आपली नावे सापडली नाहीत, तेव्हा त्यांना अशुद्ध ठरवून याजकपणातून दूर ठेवले गेले. त्यांतले एक घराणे बर्जिल्लयाचे. मूळपुरुषाने गिलादच्या बर्जिल्लयाची मुलगी केली आणि सासऱ्याचेच नाव लावले, असा खुलासा तिथे आहे. घरजावयाच्या वंशजांना ते नाव महागात पडले, असा तर्क करायला जागा आहे. नोंद ठेवणारा कारकूनही त्यामुळे महत्त्वाचा, आणि योग असा की १ इतिहास, अध्याय २४ नुसार दावीदाच्या काळात याजकांचे वर्ग लिहून काढणारा लेखक नथनेलाचा मुलगा शमाया हाच होता.

कधी उलटी अडचण येते: माणूस एक आणि नावे दोन. १ इतिहास ९:१६ मध्ये यदूथूनाच्या वंशातल्या गालालाचा मुलगा शमाया, आणि त्याचा मुलगा ओबद्या. नहेम्या ११:१७ मध्ये त्याच गालालाचा मुलगा शम्मूवा आणि त्याचा मुलगा अब्दा. वरच्या पिढ्या जुळतात, प्रसंग जुळतो, आणि शम्मूवा हे शमायाचेच आटोपशीर रूप आहे, जसे अब्दा हे ओबद्याचे. म्हणजे घरात हाक मारायचे नाव एका यादीत आले आणि पूर्ण नाव दुसरीत. मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नसावी.

नावाचे रूप आणखी एक गोष्ट सांगते, जी मराठी भाषांतरात दिसत नाही. इब्रीत हे नाव 'शमायाहू' असेही लिहितात आणि 'शमाया' असेही. आपल्याकडे दोन्हींचे शमाया होते. यहूदाच्या, म्हणजे दक्षिणेच्या राज्यात, बंदिवासापूर्वी, 'याहू' हे लांब रूप चालत असे. उत्तरेच्या राज्यात 'याव' असे रूप होते, हे तिथली राजधानी शोमरोन हिच्या उत्खननात १९१० मध्ये सापडलेल्या खापरांवरच्या नोंदींतून कळते. बंदिवासानंतर आखूड 'या' रूढ झाले. त्यामुळे जमिनीतून निघालेल्या एखाद्या शिक्क्यावरचे नाव कोणत्या काळातले, याचा अंदाज शेपटीवरूनही बांधता येतो. ग्रंथात मात्र ही खूण जपून वापरावी लागते, कारण नकलकारांनी रूपे बदलली आहेत: रहबामाच्या काळचा शमाया १ राजे पुस्तकात आखूड रूपात आहे आणि नंतर लिहिलेल्या २ इतिहास पुस्तकात, ११व्या अध्यायात, लांब रूपात. नेहेलामी शमायाची तर दोन्ही रूपे एकाच अध्यायात आहेत.

मोजणीने सुटलेले एक कोडे इथे दाखवण्यासारखे आहे. १ इतिहास ३:२२ मध्ये दावीदाच्या वंशावळीत असे येते: शखन्याचे वंशज: शमाया, आणि शमायाचे मुलगे: हट्टूश, इगाल, बारीह, निरह्या, शाफाट, एकूण सहा. बोटे मोडून पाहिली तर नावे पाचच भरतात. पण 'आणि शमायाचे मुलगे' हे शब्द नकलकाराच्या हातून जास्तीचे पडले असे धरले, तर शमाया आणि ते पाच असे शखन्याचेच सहा मुलगे होतात, आणि बेरीज बसते. एज्रा, अध्याय ८ मध्ये हट्टूशाचे नाव शखन्याशीच जोडलेले आहे, याचाही या दुरुस्तीला आधार मिळतो. अनेक अभ्यासक ती मान्य करतात. मग नहेम्या ३:२९ मधला पूर्व वेशीचा रखवालदार, शखन्याचा मुलगा शमाया, तो हाच का? बापाचे नाव जुळते, काळही फार दूरचा नाही. पण दावीदाच्या वंशाचा वेशीच्या रखवालीशी संबंध कुठे सांगितलेला नाही, आणि शखन्या हेही नाव त्या काळात बऱ्याच जणांचे होते. मी तरी या दोघांना वेगळेच ठेवीन.

जुळवाजुळवीचा मोह किती मोठा असतो, हे दलाया या नावाने दिसते. यिर्मया, अध्याय ३६ मध्ये, इ.स.पू. ६०४च्या सुमारास, यिर्मयाचा लेखनिक बारूख याने त्याच्या वचनांची गुंडाळी वाचली तेव्हा बसलेल्या सरदारांत शमायाचा मुलगा दलाया होता. ती गुंडाळी जाळू नये म्हणून राजा यहोयाकीमाला विनवणाऱ्या तिघांपैकी तो एक. एकशे साठ वर्षांनी नहेम्याला फसवू पाहणारा तो दलायाचा मुलगा शमाया. नातवाला आजोबांचे नाव देण्याची रीत लक्षात घेतली की हे एकच घराणे असावे असे लगेच वाटू लागते. त्यात भर म्हणून मिसरमधल्या एलिफंटाईन बेटावरच्या यहुदी वसाहतीचे इ.स.पू. ४०७ मधले पत्र आहे, ज्यात शोमरोनचा सुभेदार सनबल्लट याच्या मुलाचे नाव दलाया दिले आहे. शमाया, दलाया, सनबल्लट: तिन्ही नावे पुन्हा समोर! पण सनबल्लटाचा मुलगा दलाया आणि महेतबेलाचा मुलगा दलाया ही उघडच दोन माणसे आहेत, आणि एकशे साठ वर्षांच्या मधल्या पिढ्यांपैकी आपल्याकडे महेतबेलाखेरीज काहीही नाही.

उत्खननातल्या वस्तूंच्या बाबतीत अभ्यासकांनी यासाठी कडक शिस्त घालून घेतली आहे. नाव, बापाचे नाव आणि हुद्दा अशा तीन गोष्टी, शिवाय काळ आणि स्थळ, जुळले तरच ग्रंथातला माणूस आणि शिक्क्यावरचा माणूस एक धरावा. वस्तू अधिकृत उत्खननातून आलेली असावी, बाजारातून नव्हे. बारूखाच्या नावाचे जे मातीचे ठसे बाजारातून पुढे आले, ते बनावट असल्याचे आज अनेक जाणकार मानतात. मगिद्दो इथे १९०४ मध्ये डरकाळी फोडणाऱ्या सिंहाचा एक सुंदर शिक्का निघाला, त्यावर 'यराबामाचा सेवक शमा' असे कोरले होते. हा शमा बहुधा त्याच नावाच्या नंतरच्या राजाचा, दुसऱ्या यराबामाचा, अधिकारी असावा. ग्रंथात त्याचा पत्ता नाही.

सगळ्यात बोलके उदाहरण यहूदातल्या लाखीश या तटबंदीच्या शहराचे आहे. १९३५ मध्ये तिथल्या वेशीजवळच्या जळालेल्या खोलीत शाईने लिहिलेली खापरे सापडली. ती बाबेलच्या सैन्याने यहूदाचे राज्य बुडवले त्याच्या जरा आधीची पत्रे आहेत. तिसऱ्या पत्रात एलनाथानाचा मुलगा, सेनापती कोन्या, मिसरला जायला निघाल्याची बातमी आहे. यिर्मया, अध्याय २६ मध्ये किर्याथ-यारीमच्या शमायाचा मुलगा उरीया हा संदेष्टा मिसरला पळतो, आणि अखबोराचा मुलगा एलनाथान त्याला पकडून आणतो. मग राजा त्याला ठार करतो. एलनाथान, मिसर, पकडापकडी: हे तेच प्रकरण, असे प्रतिपादन पूर्वी झाले होते. पण ग्रंथातला राजा यहोयाकीम आहे आणि पत्रे त्यानंतर दहाएक वर्षांनी, सिद्कीया या शेवटच्या राजाच्या कारकिर्दीत लिहिलेली आहेत. शिवाय एका ठिकाणी एलनाथान स्वतः जातो आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच नावाच्या कोणाचा तरी मुलगा.

चौथ्या पत्रात मात्र हे नावच आहे, लांब रूपात, त्या काळाला शोभेल असे. एका ठाण्यावरचा अधिकारी लाखीशच्या अधिकाऱ्याला लिहितो की समख्याहूला शमायाहूने धरून वर शहरात नेले आहे. ते शहर बहुधा यरुशलेम. त्याच पत्राच्या शेवटी तो लिहितो की आम्ही लाखीशच्या अग्निसंकेतांवर नजर ठेवून आहोत, कारण अजेका (जवळचे दुसरे तटबंदीचे शहर) आम्हाला दिसत नाही. या शमायाहूच्या बापाचे नाव त्याने दिलेले नाही, हुद्दाही नाही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला तो कोण हे ठाऊक होते.